एकशे अठ्ठावन्नचा पुकारा

वार्षिक तपासणीच्या पॅकेजात रक्त, लघवी, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी असं सगळं असतं आणि वर, भाजीवाल्यानं फुकट कोथिंबीर टाकावी तसं, बीपी असतं. रक्ताला सुई टोचतात म्हणून लोक त्याची धास्ती घेतात. बीपीला कोणी मोजतच नाही. वास्तविक मूत्रपिंडाचं काम बघणाऱ्या क्रिएटिनिनच्या नळीला तुम्ही जिना चढून आलात की पालखीतून, याच्याशी काही देणंघेणं नसतं. बीपीला असतं. ते सगळ्याच गोष्टी मनाला लावून घेतं.

परवा बेळगावातल्या एका दवाखान्यात माझं बीपी १५८/९८ निघालं. आकडा खरा असेल, पण तो माझा नव्हता. त्यात बऱ्याच जणांचा वाटा होता.

पहिला वाटा सरकारचा. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं आणि निम्म्या गावाला बॅरिकेडला वळसा घालून जावं लागतं. दुसरा लिफ्टचा, कारण ती दुरुस्तीत आणि ओपीडी वरच्या मजल्यावर. तिसरा सोनोग्राफीवाल्यांचा. त्यांना मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून लिटरभर पाणी पाजून ‘धरून ठेवा’ असा हुकूम सोडला होता. तुंबलेल्या मूत्राशयानं वरचा आकडा १० ते १५ मिलिमीटरनं (बीपी पाऱ्याच्या मिलिमीटरात मोजतात) चढतो. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर थोपवलेल्या माणसाला तेवढ्या वेळात बीपीला बसवायचं, ही कल्पना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली ते कळलं नाही.

चौथा वाटा शेजारी बसलेल्या एका अनोळखी मामांचा. तो मोठा.

मामा सत्तरीचे. डोक्याला टोपी, मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत जुने रिपोर्ट आणि शेजारी सून. आयुष्यभर भाजी मार्केटात लिलाव पुकारला, हे त्यांनी मी बसण्याआधीच सांगितलं. मला पाठ नसलेलं स्टूल मिळालं, मामा भिंतीला टेकलेल्या खुर्चीत होते. सिस्टरनी माझ्या स्वेटरवरूनच पट्टा गुंडाळला, हात हवेत लोंबता ठेवला आणि यंत्राचं बटण दाबलं. पट्टा फुगू लागला.

‘पावणं, कुठलं?’

‘शहापूर.’

‘मग कोपऱ्यावरल्या गिरणीवाल्याला ओळखतासा की.’

ओळखत नाही म्हटलं. मामांना ते पटलं नाही. ‘असं कसं ओ? गिरणीसमोरनंच जातासा न्हवं? पीठ कुठं दळतासा मग?’

आम्ही पिशवीतलं आणतो म्हटल्यावर मामा सुनेकडे बघून हळहळले. इतक्यात सिस्टरनी फॉर्म पुढं ओढला. ‘हेसरेन्री?’ नाव सांगितलं. ‘वयस्स एष्ट्री?’ मी तोंड उघडेपर्यंत मामांनी उत्तर दिलं, ‘पन्नाशी लागली असंल की.’

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. तसं मी सांगितलं, आणि जरा जोरातच सांगितलं. बीपी मोजताना नुसतं साधं बोललं तरी आकडा १०च्या आसपास वर जातो. अपमानित होऊन बोललं तर किती जातो, हे कोणी मोजलं असेल तर त्यांनी मला कळवावं.

यंत्रानं शिट्टी दिली. सिस्टर काही बोलल्या नाहीत. बोलले मामा. वाकून त्यांनी पडदा वाचला आणि हयातभराच्या सवयीनं पुकारा केला, ‘एकशे अठ्ठावन्न! खाली अठ्ठ्याण्णव!’

सगळी रांग वळली. कोपऱ्यातून निपाणीच्या एका गृहस्थांनी ‘आमचं एकशे सत्तर हुतं’ म्हणून बोली वाढवली. एका मावशींनी लसूण सांगितला, दुसरीनं शेवग्याचा पाला. तिसरीनं मीठ बंद करा म्हटलं. तिच्या पिशवीतून उडदाच्या पापडाचं पुडकं डोकावत होतं, पण सल्ला तिचाच त्यातल्या त्यात बरा होता: दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चमचाभर, तेही लोणचं-पापड-फरसाणातलं धरून. मामांनी समारोप केला, ‘माणसानं शांत ऱ्हावं बगा. टेन्शन घेऊ नये.’

मग मामांची पाळी आली. पण त्याआधी त्यांनी तंबाखूचा बार भरला. तोंड भरलेलं, त्यामुळे बोलणं बंद. नाव, गाव, वय सगळं सुनेनं सांगितलं. मामा अर्धा तास त्याच खुर्चीत बसलेले, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, सदऱ्याची बाही सैल, हात टेबलावर. ११८/७६. तंबाखूनंही बीपी तात्पुरतं चढतं, म्हणून मोजण्याआधी अर्धा तास चहा, सिगारेट, तंबाखू काही नको असं सांगतात. मामांच्या बाबतीत तंबाखूनं जे वाढवलं त्याहून जास्त गप्प बसण्यानं उतरवलं असावं. पुस्तकात हे सापडणार नाही. मला मात्र ते अजून झोंबतंय.

आता जरा चिडूनच सांगतो, कारण हे अवघड मुळीच नाही. पेशंटला लघवीला जाऊ द्यायचं. पाठ असलेल्या खुर्चीत ५ मिनिटं मुकाट बसवायचं. पायावर पाय नको, त्यानंही २ ते ८ मिलिमीटर वाढतात. दंड उघडा हवा. घट्ट बाही वर सारली तर तिचाच करकोचा बसतो, त्यापेक्षा स्वेटर काढावा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या खळगीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर. हात टेबलावर आणि पट्टा छातीच्या पातळीला. हात खाली लोंबला की दर सेंटिमीटरला पाऊण मिलिमीटर जास्त दिसतं. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजायचं. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर घ्यायचं आणि ज्या हाताचं जास्त भरेल तोच पुढं धरायचा.

आणि पट्ट्याचं माप! आतला फुगा दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी लांब हवा. नेहमीचा मोठ्यांचा पट्टा साधारण २७ ते ३४ सेंटिमीटर घेराच्या दंडाला चालतो. कुस्तीगीर, आचारी आणि स्वेटर घातलेले कारकून यांना तो आखूड पडतो, आणि आखूड पट्टा आकडा फुगवून दाखवतो. उलट काटकुळ्या आजींना ढगळ पट्टा बांधला की खरंखुरं वाढलेलंही झाकलं जातं. हे जास्त वाईट, कारण वाढलेलं बीपी बहुधा काही दुखवत नाही, की चक्कर आणत नाही. मुकाट्यानं मूत्रपिंड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब करतं.

रक्तदाब पहिल्यांदा मोजला तो घोडीचा. स्टीफन हेल्स या इंग्लिश पाद्र्यानं तिच्या धमनीत काचेची उभी नळी जोडली आणि रक्त ८ फूट ३ इंच चढलं; हे प्रयोग त्यानं १७३३ साली छापले. घोडीला पाडून, बांधून ठेवलं होतं हे खरं, पण तिला गिरणीवाल्याची ओळख कोणी विचारली नाही. हवेनं फुगणारा पट्टा १८९६ साली रिवा-रोची या इटालियन डॉक्टरनं आणला. स्टेथोस्कोपमधून ऐकून वरचा-खालचा आकडा ठरवण्याची रीत १९०५ साली कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरची. तेव्हापासून पट्टा बांधल्यावर खोलीत शांतता असणं अपेक्षित आहे. हल्लीचं डिजिटल यंत्र पट्ट्यातली थरथर ओळखतं. कान नसले तरी हललं-बोललं की तेही चकतं.

डॉक्टरसाहेबांनी कागद पाहिला, मला पाहिलं नाही, आणि ‘एक गोळी सुरू करू या’ म्हणाले. मी जिना, पाणी, स्वेटर असं सगळं सांगू लागलो. ते म्हणाले, ‘सगळे असंच म्हणतात.’ सगळे असंच म्हणत असतील तर खुर्ची बदलायला काय हरकत आहे? १८०/१२०च्या पुढं आकडा गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा हातपाय लुळे पडणं असेल तर खुर्चीची चर्चा कोणी करू नये, तडक दाखल व्हावं. पण दीडशेच्या घरातला एकटा आकडा निराळ्या दिवशी पुन्हा मोजूनच पक्का करायचा असतो. एवढी उसंत कोणाला नाही. रिपोर्टात मात्र तो ठळक अक्षरांत छापायला संगणकाला उसंत असते.

घरी मोजणं हा त्यावरचा रास्त उपाय. यंत्र दंडावरचं घ्यावं, मनगटावरचं नको. सलग सात दिवस, सकाळी गोळी-न्याहारीच्या आधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. बीपी वाढलेलं धरायचा घरचा उंबरठा १३५/८५, दवाखान्याचा १४०/९०. वहीत आकडे जसेच्या तसे लिहायचे, आवडलेले तेवढेच निवडायचे नाहीत.

अडचण एकच. यंत्र आल्याचं गल्लीत कळलं की शेजारच्या काकू भाजीची पिशवी हातात घेऊनच येतात आणि उभ्या-उभ्या हात पुढं करतात. पाच मिनिटं बसा म्हटलं की म्हणतात, ‘बसायला वेळ कुठला ओ, कुकर लावून आलोय.’