चार दिवस कोकणात, पथ्यपाण्यासकट

मे महिन्यात कोकणात निघाला आहात. वजन कमी करायचं चाललंय, आणि 'सुट्टीत मन मारायचं नाही' असंही घरात ठरलंय. उत्तम. दोन्ही एकदम साधतं, दर शनिवार-रविवारी शेकडो माणसं साधताना दिसतात. तयारी तेवढी नीट हवी.

तयारी पिशवीपासून. कपड्यांची बॅग राहिली तरी चालेल, पण डाएट चिवडा, मल्टिग्रेन बिस्किटं, माणशी चार प्रोटीन बार आणि ओट्सचा डबा विसरू नका. पुड्याच्या मागे घटकांची यादी असते, ती मात्र वाचायची नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे. त्यामुळे पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल आणि नाचणी कुठेतरी मिठाच्या शेजारी अंग चोरून उभी, असं दिसू शकतं आणि पनवेलच्या आतच मूड जातो. ओट्स हवेतच. ज्या गावात सकाळी सातला उकड्या तांदळाची पेज चुलीवर तयार असते, सोबत खोबऱ्याची चटणी नाहीतर भाजलेला सुका बांगडा, त्या गावात हॉटेलच्या किटलीत पाणी उकळून ओट्स भिजवून खाण्याची मजा काही औरच.

पाणी पिऊ नका. कारण सांगायला नको, निदान बायकांना तरी नको. २०११ पासून चौपदरी होत असलेल्या मुंबई-गोवा रस्त्यावर स्वच्छ संडासही मागायचा, म्हणजे फारच हाव झाली. त्यापेक्षा वडखळला चहा, कोलाडला चहा, माणगावला वडापाव आणि चहा, महाडला नुसता चहा. कपात दोन चमचे साखर धरली तर आठ-दहा ग्रॅम होते. चार थांब्यांची बत्तीस ते चाळीस. जागतिक आरोग्य संघटना अख्ख्या दिवसाला पंचवीसच्या आसपास थांबलात तर बरं असं सुचवते, पण त्या लोकांना कुठे पोलादपूरपर्यंत जागं राहायचं असतं. दुसऱ्या दिवशी पोट साफ झालं नाही की दोष माशांना द्यावा. आठ तास एका जागी बसून, मैदा खाऊन, घोटभर पाण्यावर काढल्यावर आतडं लागणारं पाणी मळातून ओढून घेतं आणि खडा होतो, हे कारण फारच साधं आहे. ते कुणाला पटत नाही.

रिसॉर्टचा नाश्ता 'फ्री' असतो, तेव्हा तो वसूल करा. साडेनऊच्या आधी जाऊ नका आणि दहाला बंद होतो म्हणून अर्ध्या तासात आटपा. क्रम असा: खोक्यातला ज्यूस, साखर लावलेले कॉर्नफ्लेक्स, ब्रेड-बटर-जॅम, इडली, पुरी-भाजी, आणि शेवटी 'हेल्दी' म्हणून काल रात्री चिरलेल्या कलिंगडाच्या दोन फोडी. फळं शेवटी घेतली की आधीचं सगळं माफ होतं. घावणे आहेत का असं विचारू नका. आचाऱ्याला येत असतात, तो इथलाच असतो, पण मेनूत बसत नाहीत.

कोकम सरबत नैसर्गिक असतं, म्हणून दिवसाला चार पेले.

माशांत फक्त सुरमई आणि पापलेट, तेही रवा लावून तळलेलं. रवा तेल छान धरून ठेवतो, तुम्ही पैसे माशाचे देता आणि खाता मात्र तेल. बांगडा, तारली, मांदेली याला हात लावू नका. ते स्वस्त असतात, बांगड्या-तारलीत ओमेगा-३ भरपूर असतं आणि मांदेली काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियमही पोटात जातं, म्हणजे सुट्टीवर येऊन भलतंच नुकसान. बांगड्याचं तिखलं, तिरफळ घातलेलं, चमचाभर तेलात होतं. ते मागितलं तर वेटर तुमच्याकडे आदराने बघेल, हा धोका आहेच. कढईतलं तेल काळपट असेल, फेस धरत असेल आणि आच मंद असूनही धुरकटत असेल, तर त्याला मुरलेली चव म्हणायचं. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडलं की त्यात जमणारी ध्रुवीय संयुगं पंचवीस टक्क्यांपुढे गेली की ते वापरायचं नाही, असा नियम २०१८ च्या जुलैपासून आहे खरा. कोंबडी-वडे समोर आल्यावर नियम कोण आठवतो.

आणि मे हुकला, जूनमध्ये गेलात, तर 'आजची ताजी सुरमई आहे ना?' असं जरूर विचारा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. तरीही 'हो, आजचीच' असं उत्तर मिळेल. दोघांचंही मन राहतं.

आंबा गोड असतो, टाळा. त्याऐवजी आंबा आइस्क्रीम घ्या.

आता सोलकढी. ही मात्र रिसॉर्टमध्येच प्या, कारण तिचा रंग घरी येत नाही. झगझगीत राणी कलर. गेल्या आठवड्यात समुद्राच्या इतक्या जवळ बसून, की लाटा ऐकू याव्यात, अशी एक सोलकढी समोर आली आणि म्हणून हा लेख. आगळाचा, म्हणजे मिठात टिकवलेल्या कोकमाच्या रसाचा, रंग मळका, जांभळटाकडे झुकलेला; नारळाच्या दुधात पडला की फिकट गुलाबी होतो, जुन्या मलमलीसारखा. राणी कलर येतो बिटाचा. बीट वाईट नाही, बीट कोशिंबिरीत घाला की! पण ज्या आवारात मागच्या बाजूला नारळाची सात झाडं उभी आहेत, तिथे पावडरीचं दूध? त्या पावडरीत बहुतेक वेळा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भुकटी) आणि गाईम्हशीच्या दुधातलं प्रथिन असतं, म्हणजे दुधाची अ‍ॅलर्जी म्हणून जे सोलकढी मागतात त्यांची पण सोय झाली. आंबटपणाला सायट्रिक अ‍ॅसिड. आणि वर चिमूटभर साखर, 'टुरिस्टना आवडते' म्हणून.

काय लागतं हो सोलकढीला? एक नारळ. खवायचा, वाटीभर कोमट पाणी घालून वाटायचा, फडक्यातून पिळायचा. चोथ्यात पुन्हा पाऊण वाटी पाणी, पुन्हा पिळायचा. तीन-चार चमचे आगळ. लसणीच्या दोन पाकळ्या आणि एक मिरची ठेचून. मीठ सगळ्यात शेवटी आणि चव घेऊनच, कारण आगळ टिकतं तेच मिठावर. आधी घातलंत तर खारट होणार आणि मग साखर आठवणार. चुलीवर ठेवायची नाही, फुटते. मेच्या उकाड्यात सकाळची संध्याकाळी चालत नाही, आंबते. चार माणसांची सोलकढी वीस मिनिटांत होते. खरी-खोटी ओळखायला प्रयोगशाळा नको: पेला पंधरा मिनिटं तसाच ठेवा. खरी वरखाली होते, तळाशी साका बसतो, ढवळूनच प्यावी लागते. खोटी ढिम्म हलत नाही. आमच्या त्या पेल्याने तर जेवण संपेपर्यंत रंगही सोडला नाही आणि सायही धरली नाही. बिलावर मात्र 'ऑथेंटिक'.

आणि गंमत बघा, वजन उतरवायला शहरात हीच मंडळी गार्सिनियाच्या गोळ्या घेतात, महिन्याचा डबा. कोकम म्हणजे गार्सिनियाचीच एक जात. ते इथे अंगणात पायाखाली तुडवलं जातंय आणि पेल्यात बीट येतंय. असो. उपरोध लिहायचं ठरलं होतं.

किनारा तीनशे मीटरवर असेल तर गाडी काढा. वाळूत चारचाकी बाइकवर दहा मिनिटं बसलं की चालण्याचा कोटा पूर्ण होतो.

चार दिवसांत एक 'चीट डे' ठेवा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार किंवा रविवार.

उकडीचे मोदक अकरा खा, आणि मग रात्री 'जेवण नको, नुसतं सूप' म्हणून पाकिटातलं सूप मागवा. एक मोदक, गरम, फोडून वर चमचाभर तूप, आणि त्याच जेवणात भाताची एक मूद कमी, यात मनही मरत नाही आणि पोटही. पण एकावर थांबायला तो मोदक नीट झालेला लागतो: पारी पातळ, सारणात दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ, आणि उकड गरम असतानाच मळलेली. पारी जाड आणि सारण नुसतं गोड असेल तर चवीची भूक भागत नाही, म्हणून माणूस मोजत बसतो.

जेवायला बसल्यावर 'अनलिमिटेड' थाळी घ्या, आणि पहिला प्रश्न विचारा: पनीर आहे का?

आहे. असतंच आता. हा प्रश्न इतक्या वेळा विचारलात तुम्ही, की गुहागरपासून मालवणपर्यंत ज्या घरात काळ्या वाटाण्याची उसळ, कुळथाची पिठी, केळफुलाची भाजी आणि तांदळाची भाकरी एवढ्यावर पाहुणे खूश होत, त्या घरातल्या काकूंनी फ्रीजमध्ये पनीरच्या लाद्या आणून ठेवल्यात. इथे दुधाची गंगा कधीच नव्हती; ते पनीर घाट उतरून टेम्पोतून येतं, आणि त्यात दुधाची चरबी किती नि वनस्पती तेल किती, हे ते विकणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. त्यावर काजूची ग्रेव्ही, वर क्रीम. दोन दिवस ते खाऊन, तळलेलं ओरपून, परतीच्या गाडीत तुम्ही म्हणणार, 'कोकणातलं जेवण फार हेवी बुवा!' हेवी कोकण नाही. हेवी तुमची ऑर्डर आहे. कुळथाची पिठी तुम्ही 'आजारपणातलं' म्हणून बाजूला सारलीत, भाकरीऐवजी बटर नान मागितलात, ओल्या काजूच्या उसळीला 'पनीरसारखी करता येईल का' असं विचारलंत. रिसॉर्टवाला बीट घालतो कारण फिकट सोलकढी तुम्ही 'पाणचट दिसते' म्हणून परत पाठवलीत. मन मारायचं नाही म्हणता, आणि जिभेला नवी चव दाखवायची तयारी नाही! मग निघता कशाला इतक्या लांब, खड्डे खात? हेच सगळं तुमच्या गल्लीच्या तोंडावर मिळतं, पार्किंगसकट.

एवढं तरी करा. जिथे उतरणार त्या घरी आदल्या दिवशी दुपारच्या आत फोन करा. माणसं किती, शाकाहारी किती, ते सांगा. 'उद्या तुमच्या घरी जे होईल तेच आम्हाला' असं म्हणा, आणि पनीर हा शब्द तोंडातून काढू नका. तळलेली तुकडी माणशी एकच सांगा, बाकी मासा आमटीत. सोलकढी जेवायच्या आधी अर्धा तास करायला सांगा. आणि मग ओटीवर गप्प बसा. नारळ खवायला वेळ लागतो. दर पाच मिनिटांनी आत डोकावून 'अजून किती?' असं विचारलंत, तर पुढच्या वेळी त्या घरातल्या काकूही पावडरच आणून ठेवतील.