काकांचा फॉरवर्ड, जिभेचा नकाशा आणि दहा टक्के मेंदू

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आला, बऱ्याच जणांनी वाचला असेल. त्यात चार गोष्टी आहेत: जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट-खारट आणि मागे कडू कळतं, तिखट ही सगळ्यात स्ट्राँग चव, माणसाला इंद्रियं पाचच, आणि मेंदू आपण फक्त 10 टक्के वापरतो, बाकीचा मुलांच्या 'मिडब्रेन' शिबिरात 'ॲक्टिव्हेट' करून मिळेल, मग मुलं डोळ्यांवर पट्टी बांधूनही रंग ओळखतील. पाठवणारे काका माझ्या वडिलांचे मित्र आहेत त्यामुळे भांडण नाही, पण काका, उत्तर देतोच.

जिभेचा नकाशा आपण सगळ्यांनीच शाळेत रंगवलाय. घरात कारलं असेल तर ते किसून पिळा, कापसाची काडी त्या रसात बुडवून फक्त जिभेच्या टोकाला लावा. मी भाचीवर हा प्रयोग केला, ती 'ईईई' करत बेसिनकडे पळाली आणि अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये. टोकाला कडू कळत नसतं तर पळाली कशाला? झालं असं की 1901 मध्ये हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने जिभेच्या कडेकडेने कुठे कुठली चव थोडी लवकर कळते ते मोजलं, फरक निघाले पण अगदी बारीक. पुढे 1942 मध्ये हार्वर्डच्या एडविन बोरिंगने पुस्तकात तो आलेख असा काढला की बघणाऱ्याला वाटावं इकडे हीच चव आणि तिकडे तीच, आणि तिथून वॉर्ड पाडल्यासारखा तो नकाशा जगभर गेला. खरं म्हणजे जिभेच्या मधोमध टेस्ट बड, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींचे गुच्छ, फार कमी, टोकाला, कडेला आणि मागे भरपूर, आणि जिथे आहेत तिथे सगळ्या चवी कळतात. पाचवी चव उमामी, म्हणजे सूप-मशरूमची ती भरदार चव, ती जपानच्या इकेदांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळातून शोधली, ती तर नकाशात नाहीच.

आता तिखट. नाशिकच्या माणसाला तिखटाबद्दल काही सांगणं म्हणजे जरा धाडसच, पण तिखट ही चव नाहीये, ती वेदना आहे. गेल्या रविवारी मिरच्या चिरून हात न धुता डोळा चोळला, पंधरा मिनिटं नळाखाली होतो. डोळ्याला टेस्ट बड असतात का? नाहीत. मग तिखट कळलं कसं? मिरचीतलं कॅप्सायसिन नसांच्या टोकावरच्या एका रिसेप्टरला, म्हणजे इशारा पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, आणि हाच रिसेप्टर साधारण 43 अंशांच्या वर गरम लागलं की चालू होतो, म्हणजे मिरची मेंदूला सांगते 'भाजलं'. डोळ्यातून असो की तोंडातून, ही बोंब चेहऱ्याच्या एकाच ट्रायजेमिनल नसेतून जाते. हा रिसेप्टर डेव्हिड ज्युलियसच्या टीमने 1997 मध्ये शोधला, तापमान आणि स्पर्शाच्या रिसेप्टरच्या शोधांबद्दल 2021 चं नोबेल त्यांना आणि आर्डेम पाटापुटियन या संशोधकांना मिळालं. म्हणूनच काळ्या रश्शाची मिसळ चापल्यावर एरवी कोमट वाटणारा चहाही तोंड पोळतो, कारण रिसेप्टर आधीच तापून बसलेला असतो. आणि पाणी कितीही ढोसा, कॅप्सायसिन पाण्यात फारसं विरघळतच नाही, मिसळीसोबतची दह्याची वाटी उगाच नसते.

इथे कोणीतरी षड्रस काढणार, त्यात तिखट आहेच ना. आहे, कटु या नावाने, आणि आपलं कडू तिथे तिक्त आहे. पण ती जेवणाची वेगळी वर्गवारी आहे, टेस्ट बडची मोजणी नाही, दोन्ही आपापल्या जागी राहू द्या.

पाच इंद्रियं हा मुद्दा पटकन. डोळे मिटून बोट नाकाला लावा. लागलं ना? कुठल्या इंद्रियाने? स्नायू आणि सांध्यांतले सेन्सर हाताची जागा सतत कळवत असतात. कालिकेच्या यात्रेत चक्रीतून उतरल्यावर जग फिरतं ते कानाच्या आतल्या, तोल कळवणाऱ्या नळ्यांतलं पाणी अजून हलत असतं म्हणून. वेदना आणि तापमान वेगळे धरले तर आकडा अजून वाढतो.

आणि शेवटचा मुद्दा, ज्याच्यासाठी बाकीचे तीन लिहिलेत असं मला वाटतं, कारण फॉरवर्डच्या खाली शिबिराची फी दिलीये. मेंदू वजनाने शरीराच्या 2 टक्के पण नुसतं बसल्या बसल्या 20 टक्के ऊर्जा खातो. 90 टक्के दुकान बंद असताना एवढं लाइट बिल कोण भरेल? ज्यांच्या घरात कोणाला पॅरालिसिसचा झटका आलाय त्यांना विचारा, छोट्याशा जागेचा रक्तपुरवठा तुटला तरी बोलणं जातं, हात जातो. बराचसा मेंदू रिकामा असता तर बहुतेक झटके कळलेही नसते. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेट' म्हणाल तर मिडब्रेन म्हणजे मेंदूचा मधला छोटा भाग, तो सगळ्यांचा चालूच असतो, डोळे हलवणं, बाहुली लहान-मोठी करणं, जागं राहणं यात त्याचा हात असतो, बंद पडला तर माणूस शिबिरात नाही, आयसीयूत जातो.

राहिलं पट्टी बांधून रंग ओळखणं. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली फट राहते आणि मुलं मान किंचित वर करून तिथून बघतात. शनिवारी डेमो आहे म्हणे क्लबहाउसला. काका, मी येतोय, पोहण्याचा गॉगल आतून काळा रंगवून आणतो, पट्टीऐवजी तो लावू.