कामगंध सापळ्यांच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही लिहिलंय, अडीच एकर कपाशीसाठी आमच्याकडून गुलाबी बोंडअळीचे 5 कामगंध सापळे (गंधाने नर पतंग ओढून पकडणारे) नेले, जुलैअखेर लावले, दसऱ्याला पाहिलं तर सगळे रिकामे आणि शेतात डोमकळ्याच डोमकळ्या (अळी आत शिरल्याने न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं). ल्यूर, म्हणजे सापळ्यातलं गंधाचं बूच, नाकाशी धरली तर वासच नाही, म्हणजे माल नकली. दुकानदाराला, म्हणजे मला, फक्त औषध खपवायचं होतं, असंही तुम्ही म्हणता. पीक डोळ्यांदेखत जाताना राग येणारच. पण हे वाचून बाकीचे शेतकरी सापळे लावायचंच सोडतील, याची मला काळजी वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

गुलाबी बोंडअळीची ल्यूर माणसाच्या नाकाला कळतच नाही. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, तोच कारखान्यात बनवून रबराच्या छोट्या बुचात भरतात, तोही मिलिग्रॅमच्या मापात. नराला तेवढा पुरतो. हा गंध रोज थोडा थोडा उडून जातो, त्यामुळे पाकिटावर दिलेल्या मुदतीनुसार, साधारण तीन-चार आठवड्यांनी, ल्यूर बदलावी लागते. जुलैची ल्यूर दसऱ्याला चालत नाही. सापळा रिकामा दिसतो, पतंग मात्र शेतात असतात. आणि कपाशी वाढेल तसा सापळाही वर सरकवायचा, शेंड्यापेक्षा फूटभर उंच. नाहीतर तो पानांत दडतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकरी 2 सापळे हे अळी मारण्यासाठी नसतात, खबर देण्यासाठी असतात. त्यात नुसते नर पडतात. अंडी घालणारी मादी येत नाही, आणि शेजारच्या शेतातून मिलन होऊन आलेली मादी तर तुमचे सगळे नर पकडले तरी अंडी घालणारच. म्हणून पतंग रोज सकाळी मोजायचे, लिहून ठेवायचे, सापळा रिकामा करायचा. सलग 3 रात्री, दर रात्री, एकेका सापळ्यात 8 पतंग आले, की फवारणीची वेळ झाली. नर पकडून संख्याच घटवायची असेल, तर एकरी 8 ते 10 सापळे लागतात, आणि आजूबाजूच्यांनीही लावले तर खरा उपयोग.

औषध खपवण्याबद्दल एवढंच सांगतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. गरज नसताना फवारा मारा, असं मी कुणालाही सांगत नाही. जो पतंग मोजतो, तो माझ्याकडून औषध कमीच नेतो, आणि मला तेच हवं आहे.

ल्यूरचं पाकीट जपून ठेवलं असेल तर घेऊन या. बॅच नंबर आणि तारीख तुमच्यासमोर तपासू. विकताना मुदत संपलेली होती असं निघालं, तर पूर्ण पैसे परत. तोवर डोमकळ्या तोडून नष्ट करा. शेतात फिरून 20 हिरवी बोंडं फोडून पाहा; 2 मध्ये अळी निघाली तर फवारणीला उशीर करू नका. आणि यंदा फरदड, म्हणजे वेचणीनंतरही पीक पुढे राखणं, ठेवू नका, डिसेंबरअखेर शेत मोकळं करा.