शांतता राखणे

आमच्या घरात शांतता पसरली म्हणजे कुणीतरी कुणावर तरी चिडलेलं असतं. एरवी टीव्ही, मिक्सर आणि आत्या यांपैकी निदान दोन तरी चालू असतात. अशा माणसांनी जपानला जाऊन चिंतनासाठी बांधलेल्या संग्रहालयात शिरू नये. पण मेहुणा तोक्योत नोकरीला, तिथून कानाझावाला थेट शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन आणि ‘एवढ्या लांब आलोच आहोत तर’ म्हणायला बायको टपलेली. मग कोण वाचवणार?

हे संग्रहालय डी. टी. सुझुकींचं. त्यांचा जन्म 1870 सालचा, याच गावातला. झेन हा बौद्ध ध्यानपंथाचा विचार इंग्रजीतून पाश्चात्त्यांपर्यंत पोचवला, 1950च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवलं, 1966 साली गेले. आत बोलायची चोरी, म्हणून एवढं मी आत्याला दारातच सांगून टाकलं. तिने मनातल्या मनात वजाबाकी केली.

“पंच्याण्णव-शहाण्णव! जेवायला काय घ्यायचे रे?”

मी संग्रहालयात वस्तूंपेक्षा पाट्या जास्त बघणारा माणूस. पाटी वाचायची, ‘अच्छा’ म्हणायचं, पुढे सरकायचं. इथे सुझुकींची अक्षरं आहेत, फोटो आहेत, पुस्तकं आहेत आणि माहितीची पाटी नाही. मुद्दामच लावलेली नाही. माहिती बाजूला ठेवून नुसतं बघावं म्हणे. आता एका सुलेखनासमोर किती वेळ उभं राहिलं की सभ्य दिसतं, हे कुणाला विचारायचं? पुढच्या बाईंनी मान तिरकी केली, मीही केली.

त्यात माझा रेनकोट. ‘डबा विसरलास तर विसर, छत्री विसरू नकोस’ असं या भागात म्हणतात, इतका इथे पाऊस. मी पुण्याहून रेनकोट नेला होता. लक्ष्मी रोडवर तो आवाज करतो हे कधी कळलंच नव्हतं. इथे पाऊल टाकलं की चर्र. थांबलो की श्वासाबरोबर बारीक चर्र. काढावा, तर पुढे टिचबटणांची रांग आणि एकेक बटण म्हणजे लवंगी फटाका. दोन उडवले, मागच्या गृहस्थांनी माझ्याकडे अतिशय प्रेमाने पाहिलं, उरलेली तशीच ठेवली.

शेवटी चिंतनाची जागा. उथळ, सपाट पाण्याच्या कडेला पांढऱ्या भिंतींची चौकोनी खोली, भिंतींमध्ये मोकळे दरवाजे, आत बसायला बाक. वास्तुकार योशिओ तानिगुची. 2011 साली हे सगळं खुलं झालं. खरोखर सुंदर आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. आत्या बसली, तिचा गुडघा ‘कट्’ वाजला आणि तो चारही भिंतींनी ऐकला.

तेवढ्यात पाण्यात एक गोल तरंग उठला आणि पसरत गेला.

“मासा!” आत्या.

“पाइप गळत असेल,” बायको.

“अहो, यंत्र आहे. थोड्या थोड्या वेळाने मुद्दाम सोडतात,” मेहुणा कुजबुजला.

हे त्याने सांगायला नको होतं. त्यानंतर आमचं चिंतन एकाच प्रश्नावर एकवटलं: पुढचा कधी? बायको ओठ हलवत आकडे मोजू लागली. मी मनगटावरचं घड्याळ बघायला बाही वर केली. चर्र. पलीकडच्या बाकावर डोळे मिटून बसलेल्या जपानी आजोबांनी डोळे उघडले. आता बोलणी खाणार म्हणून मी अंग चोरलं, तर त्यांनी स्वतःचं घड्याळ माझ्यापुढे धरलं आणि काट्यावर बोट ठेवून ‘अजून थोडं’ अशी खूण केली.

तरंग उठला.

“उशिरा आला,” आत्या म्हणाली. आजोबांना मराठी येत नसावं, पण त्यांनी मान डोलावली.