खुलासा : नकाशावरचं साल म्हणजे छपाईचं साल नव्हे

जुन्या नकाशांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'नकाशावर 1587 कोरलंय आणि कडेला प्लेटचा दाब उमटलाय, म्हणजे तो 1587 चाच अस्सल नकाशा.' (प्लेटचा दाब म्हणजे छापताना तांब्याच्या प्लेटच्या कडेने कागदावर पडलेला ठसा.) हे दोन्ही निकष अपुरे आहेत.

साल तांब्याच्या प्लेटवर कोरलेलं असतं, आणि प्लेट वर्षानुवर्षं वापरली जाई. सोळाव्या शतकातला नकाशाकार ऑर्टेलियस याच्या अ‍ॅटलासची पहिली आवृत्ती 1570 ची, अँटवर्पची. त्यातल्या जगाच्या नकाशाची तिसरी प्लेट 1587 ची. ती 1612 पर्यंत छापली जात होती. ओळख सोपी आहे : हिच्या चार कोपऱ्यांत वचनांची वर्तुळं आहेत आणि दक्षिण अमेरिकेचा नैर्ऋत्येकडचा फुगवटा गेला आहे.

छपाईचा काळ ठरवायला नकाशाची मागची बाजू बघा. अ‍ॅटलासमधल्या पानामागे सहसा मजकूर आणि पानक्रमांक असतो. त्याची भाषा, क्रमांक आणि ओळींची मोडणी यांवरून आवृत्ती कळते. फ्रेमच्या दुकानदाराने मागून पुठ्ठा चिकटवला असेल, तर तो काढून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्लेटचा दाब नंतरही कोरी प्लेट दाबून उमटवता येतो. उलट अस्सल नकाशाची कड कापलेली असली तर तो दिसतही नाही. त्यापेक्षा दहापट भिंगाखाली रेघ बघा : कोरीव छपाईत ती सलग, टोकाशी निमुळती असते. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती ऑफसेटची, म्हणजे आधुनिक यंत्रछपाईची प्रत. कागद उजेडासमोर धरल्यावर साधारण अडीच सेंटिमीटरवर कागद बनवायच्या साच्यातल्या उभ्या तारांच्या खुणा दिसायला हव्यात.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.