ठेकेदाराचं मन मोडू नका

फ्लॅटचं काम काढलंय ना? मग पैशांचे टप्पे कागदावर मांडत बसू नका, ठेकेदाराला वाईट वाटतं. तो "साहेब, माल उचलायचाय" म्हणाला की ६० टक्के त्याच दिवशी सोडा. माल उचलला जाईलच. तो तुमच्या घरी येतो की त्याच्या आधीच्या रखडलेल्या साइटवर जातो, अशी चौकशी सभ्य माणसं करत नाहीत.

काही चिकट लोक १० टक्क्यांवर काम सुरू करून घेतात आणि पुढचा हप्ता तोडफोड होऊन डेब्रिजच्या गोण्या खाली गेल्यावर, मग वायरिंग-प्लंबिंगनंतर, मग टाइल्सनंतर, असे देतात. त्यांच्याकडे माणसं रोज कामावर येतात. घरात एवढी वर्दळ कशाला? तुम्ही हप्ते तारखेवर बांधा: ५ला एक लाख, २०ला एक लाख. तारीख कामासाठी थांबत नसते.

बाथरूमकडे तर अजिबात बघू नका. वॉटरप्रूफिंग सुकलं की नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं, तोंड बंद करायचं, दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करायची आणि ४८ तासांनी खालच्या फ्लॅटचं छत बघून मगच पैसे द्यायचे, अशी एक वेळखाऊ रीत आहे. टाइल्स लावायच्या आधी भिंतीतल्या पाइपांवर पंपाने दाब देऊन गळती बघायची, ही दुसरी. दोन्ही टाळा. टाइल्स चकाचक दिसल्या की बिल चुकतं करा. गळती असलीच तर खालचे काका स्वतः वर येऊन सांगतील, तेवढीच ओळख वाढेल. मग त्याच टाइल्स फोडायच्या, पुन्हा वॉटरप्रूफिंग, पुन्हा टाइल्स. तोवर त्या डिझाइनच्या टाइल्सचा डबा बाजारातून गेलेला असतो, कारण एक-दोन डबे जादा घेऊन ठेवणं तुम्हाला उधळपट्टी वाटली होती.

कोटेशनमध्ये "बेस्ट क्वालिटी प्लाय" एवढंच असू द्या. जाडी १८ मिमी, सिंकखाली आयएस ७१०चा (म्हणजे ओलाव्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का असलेला, असलं लिहून घेणं म्हणजे अविश्वास. माप त्याच्याच टेपने, त्याच्याच वहीत. १२ बाय १०ची भिंत १२० चौरस फूट. तिच्यातल्या ५ बाय ४च्या खिडकीलाही रंग लागला असं समजा.

पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी पडतो, म्हणून सगळं रोखीने, सिगारेटच्या पाकिटामागे लिहून. उद्या ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर पाकीट जपून ठेवलेलं असावं, बस.

आणि शेवटचे ५-१० टक्के पहिल्या पावसाळ्यापर्यंत अडकवून ठेवण्याचा कोतेपणा करू नका. वास्तुशांतीच्या जेवणावळीतच पैशांचं पाकीट हातात द्या. माळ्याच्या दाराला हँडल नाही आणि स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड वायरींवर लोंबतोय, त्यासाठी तो उद्या पोरगा पाठवणार आहे. ड्रॉवरचा एक चॅनेलही यायचाय. तोवर तो ड्रॉवर उघडू नका.