चावी पुण्याला, कुलूप जळगावात

खान्देशातल्या व्यापाऱ्याचं नवं आर्थिक वर्ष एका फोनने सुरू होतं. १ एप्रिलला जिनिंगच्या ऑफिसात किंवा मेडिकलच्या काउंटरवर बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की पडद्यावर एक लांबलचक नंबर येतो आणि खाली, 'नूतनीकरणासाठी संपर्क साधा'. तो नंबर फोनवर वाचून दाखवायचा, पलीकडून दुसरा नंबर, म्हणजे चावी, लिहून घ्यायचा, टाकायचा, की वर्षभर घोर नाही. पलीकडचा माणूस म्हणजेच कंपनी. लिहिणारा तोच, विकणारा तोच, शिव्या खाणाराही तोच. मग कधीतरी त्याला हिंजवडीत नोकरी लागते. कंपनी बंद पडल्याची नोटीस कुणाला येत नाही. मुनीमजी फक्त मान वर करून सांगतात, "फोन उचली नही राहिना भो!"

आपण सॉफ्टवेअर विकत घेतलं, असं बिलावर लिहिलेलं असतं. माझ्या मते आपण परवानगी विकत घेतलेली असते, आणि परवानगी देणाऱ्याच्या मोबाइलला रेंज असेपर्यंतच ती चालते.

आता गावठी इलाज सुरू होतात. पहिला, कॉम्प्युटरची तारीख ३१ मार्चला नेऊन ठेवायची. सॉफ्टवेअर खूश होतं, पण रुईच्या गाठींचा ट्रक निघतो ५ एप्रिलला आणि बिल छापलं जातं मागच्या वर्षाचं. ई-वे बिलावरची, म्हणजे माल नेण्याच्या ऑनलाइन जीएसटी कागदावरची, तारीख वेगळी, इन्व्हॉइसवरची वेगळी. नाक्यावर ड्रायव्हरने काय गीता वाचून दाखवायची? शिवाय बरीच सॉफ्टवेअरं शेवटच्या वापराची तारीख एका लपवलेल्या फाइलमध्ये टिपून ठेवतात. वेळ उलटी गेलेली दिसली की कायमचं कुलूप, मग तारीख सरळ करूनही उपयोग नाही. गंमत म्हणजे हे पाप न करताही शिक्षा होते. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल संपला, दुपारी लाइट गेली आणि आली, की घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि सॉफ्टवेअर तुम्हाला चोर ठरवून मोकळं. म्हणून हा सेल मेल्यावर नव्हे, दर तीन-चार वर्षांनी आपणहून बदलावा. एवढ्याशा सेलसाठी कंजुषी करणारे लोक मला फार भेटतात.

दुसरं संकट मदरबोर्डचंच. जिनिंगमध्ये कापसाचे तंतू पंख्यात जाऊन बसतात, मे महिन्यात पारा ४५च्या घरात, बोर्ड जातो. रिपेअरवाला नवा बोर्ड टाकून देतो, विंडोजही चालू होतं. पण ॲक्टिव्हेशनच्या वेळी सॉफ्टवेअरने हार्डडिस्क, नेटवर्क कार्ड आणि बोर्ड यांचे नंबर टिपलेले असतात. ते जुळले नाहीत की, 'आपण कोण?'

यावरचा खरा उपाय कंपनी जिवंत असतानाच करावा लागतो. व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम; त्यात एक आभासी मशीन बनवायचं, त्यात सॉफ्टवेअर टाकायचं आणि चावी त्या मशीनसाठीच मागून घ्यायची. या मशीनचे नंबर फाइलमध्ये लिहिलेले असतात, त्यामुळे तो अख्खा फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर हलवला तरी बहुतेक सॉफ्टवेअरना काही कळत नाही. फोल्डर न हलवता क्लोन किंवा इम्पोर्ट केलं, तर 'नवे मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचे नंबर) बनवू का' असा पर्याय येतो, तिथे 'नको' म्हणायचं. तिथे 'हो' म्हटलं की केलेलं सगळं पाण्यात.

नुसत्या सिरियल नंबरवर चालणारं सॉफ्टवेअर हे भाग्यवानाचं लक्षण. सेटअप फाइल, शेवटचं अपडेट आणि नंबर जपला की झालं. भाड्याच्या सॉफ्टवेअरला हे सुख नाही; मायक्रोसॉफ्ट ३६५ला ३१ दिवसांत एकदा तरी इंटरनेट लागतं, नाहीतर फाइल उघडते, छापते, बदलू देत नाही. २०१२च्या अखेरीस अडोबीने सीएस२चा, म्हणजे फोटोशॉप वगैरेंच्या जुन्या संचाचा, ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केला, तेव्हा ॲक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती तरी ग्राहकांना दिली. आपल्या हिंजवडीवाल्याकडून बिलावर एक ओळ लिहून घ्या: धंदा बंद केल्यास कायमची चावी देईन. हसेल, पण लिहील.

खरा जीव मात्र हिशोबात असतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वह्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. सॉफ्टवेअर बनवणारा तितके महिने टिकेल असं कोणत्याही कलमात नाही. आणि आपण ज्याला बॅकअप म्हणतो तो पेनड्राइव्हवरचा फोल्डर त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतो! म्हणून दर महिन्याला खतावणी, विक्री, खरेदी आणि स्टॉक एक्सेलमध्ये काढायचा, जोडीला पीडीएफ. मग ती फाइल सॉफ्टवेअर नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडून बेरीज तेरजेशी (ट्रायल बॅलन्सशी) ताडून बघायची. जुनं सॉफ्टवेअर फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधलं असेल तर त्याची डीबीएफ फाइल लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये थेट उघडते. ॲक्सेसमधलं असेल तर पासवर्ड विचारते, आणि तो कुठे आहे हे सांगायला नको.

आता प्रेसवाले. पानं जुळवायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ची, तरी लग्नसराईत कितीतरी पत्रिका अजून तिच्यातच जुळतात. जोडीला मराठी फाँट आणि त्याचं लॉक, म्हणजे कॉम्प्युटरला खोचल्याशिवाय फाँट न चालू देणारी डबी. जुनं लॉक प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टात बसतं, जो नव्या मशीनला नसतो. बाजारातली यूएसबीची केबल फक्त प्रिंटरपुरती. लॉक तिच्यातून सहसा दिसत नाही. यूएसबीचं लॉक असलं तरी ६४ बिट विंडोजचा ड्रायव्हर हवा, आणि बंद कंपनीचा ड्रायव्हर कोण लिहिणार?

म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये, कुठल्याही कॉम्प्युटरला कळणाऱ्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, आणणं आलं. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. कन्व्हर्टरने ही अदलाबदल केली नाही तर 'चि.'चं 'िच.' होतं आणि नवरदेव पहिल्याच ओळीत आडवा. रफारही असाच शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. प्रूफ वाचताना आधी वेलांट्या, मग जोडाक्षरं, मग तिथी आणि मुहूर्त, आणि शेवटी पण सगळ्यात सावकाश मामाचं नाव. नवरदेवाची वेलांटी चुकली तर पत्रिका खपून जाते. मामाचा रफार हलला तर दोन हजार पत्रिका प्रेसवाल्याच्या खर्चाने पुन्हा.